बारसं थांबलंय

रहाटणी, मार्च १९८१

वन्सं, तुमच्या शालनचा नमस्कार.

हे सेकंड शिफ्टला गेलेत, म्हणून सहा वर्षांनी निवांत लिहितेय. मुकुंदाच्या बारशाला आत्या म्हणून तुमी त्याच्या कानात कुर्र केलं, तवा तुमाला सर्दी होती. पाच महिन्यांनी तो न्युमोनियानं गेला. तुमी भेटायला आला, तर मी उंबऱ्यातनं माघारी धाडलं. "तुमच्या सर्दीनं खाल्लं माझ्या पोराला," म्हणाले. तुमी आल्या पावली परत गेला.

आता दुसरा मुलगाबी तसाच आजारी हाय. पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोगाशी झगडायची ताकदच त्याच्या अंगात न्हाई, जन्मापासनं. मुकुंदालाबी तेच असणार. हे आईकडनं मुलग्यांना येतं. म्हणजे माझ्याकडनं, वन्सं.

बाहेरच्या देशात भावंडाच्या हाडातला मगज देऊन अशी पोरं वाचवलीत. आपल्या नंदाचा जुळतो का, ते बघायला तिचं रक्त मुंबईला पाठवलंय. आठ वर्षांची पोर, सुई टोचली तरी रडली न्हाई.

बाळाचं बारसं मी केलेलं न्हाई. आत्याशिवाय कसं करू?

पण हे पत्र मी टाकणार न्हाई. मिळालं की तुमी चाकणहून पहिल्या एसटीनं याल, आणि बाळाजवळ आमा दोघांशिवाय कुणाला सोडायचं न्हाई असं बाईंनी बजावलंय. तुमाला पुन्हा उंबऱ्यातनं माघारी धाडायचं बळ माझ्यात न्हाई.

नाव तेवढं ठरवून ठेवा.

तुमची भावजय,
शालन