ताटात काही टाकायचं नाही

फरीदाबाद,
२७ ऑक्टोबर २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

भाऊबीजेला मिरजेला येता आलं नाही, रागावू नकोस. फोन मोडला का, असं तू विचारशीलच. मोडलेला नाही. पत्रात तुला मला मधे तोडता येत नाही, म्हणून दोन वर्षं हाच मार्ग धरला आहे.

बातमी अशी, की सहा नोव्हेंबरला माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन आहे. एकशे बेचाळीस किलो झालो आहे. नाकाला मशीन लावून झोपतो आणि ऑफिसात पोचल्यावर आधी लिफ्ट चालू आहे ना, ते विचारतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पंचेचाळिशीतच हृदय दमलंय, आता नुसत्या डाएटवर भागणार नाही. जठराचा मोठा भाग काढून केळ्याएवढं ठेवणार आहेत. ऑपरेशन रोबोटच्या मदतीनं होतं, पण घाबरू नकोस. तो स्वतःच्या मनानं काही करत नाही. बाई त्याच खोलीत पडद्याला डोळे लावून बसतात; त्यांचे हात हलतील तसे त्याचे हलतात. तुझ्यापुढे भावजी वागतात, तसंच.

भाऊबीजेपासून ऑपरेशनपर्यंत फक्त पातळ खायचं आहे. ताक, सूप, वरणाचं पाणी. जठरावर यकृत पसरलेलं असतं, ते आकसलं तरच बाईंना आत वाट मिळते. तुझे एकवीस बेसनाचे लाडू काल पोचले. डबा कपाटावर आहे. तू मुलीसारखी मानलेली तुझी भावजय रुचिता त्याच्याकडे पाहते आणि मग माझ्याकडे.

आशीर्वाद असू दे.
तुझा सुधन्वा


फरीदाबाद,
८ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

ऑपरेशन झालं नाही. दोष माझा.

लाडू मी खाल्ले. रोज दोन-तीन, सगळे एकवीस. दाखल होण्याआधी वजन केलं तर दीड किलो वाढलेलं, आणि सोनोग्राफीत यकृत होतं तसंच. बाईंनी शांतपणे विचारलं, मी खरं सांगितलं. त्यांनी तारीख सव्वीसवर ढकलली आणि बजावलं, की पुन्हा असं झालं तर माझी तयारी नाही असंच त्या समजतील. रुचिता दोन दिवस बोललेली नाही. लेक स्वानंदी म्हणते, बाबा, इतना सा परहेज नहीं होता? पथ्य हा शब्द तिला ठाऊक नाही, तरी लाज वाटायची ती वाटलीच.

तुला पटणार नाही, पण भूक नव्हती गं. भाऊबीजेला बहिणीनं दिलेलं ताटात टाकायचं नाही, हा आपल्या वडिलांचा, अण्णासाहेबांचा नियम. ते गेले, पण डबा तसाच ठेवायला हात होईना. आता मला स्वतःचीच भीती वाटते.

सुधन्वा


मिरज,
१४ नोव्हेंबर २०२५

चि. सुधन्वास,
अनेक आशीर्वाद.

पथ्याची तारीख न विचारता डबा धाडणारी मी, तेव्हा रुचिताला सांग, निम्मा अबोला माझ्याशी धर.

आता नीट वाच. तो नियम अण्णासाहेबांचा नव्हताच. तू सहा वर्षांचा होतास, टायफॉइडमधून उठलेला, नुसता हाडांचा सापळा. घास तोंडाशी नेला की मान फिरवायचास. आई स्वयंपाकघरात जाऊन रडायची. भाऊबीजेच्या दिवशी मीच थाप मारली, की बहिणीच्या ताटातलं टाकलं तर अण्णा रागावतात. तू घाबरून सगळं संपवलंस. मी बारा वर्षांची होते, मला फार शहाणं वाटलं. अण्णांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं.

तेव्हा जगवायला केलेला नियम आज तुझ्या जिवावर उठलाय. मी केला, मीच मोडते. यंदाची ओवाळणी अजून यायची आहे माझी. साडी नको. सव्वीसपर्यंत पथ्य पाळ, तीच ओवाळणी समजेन.

तुझी अक्का


फरीदाबाद,
५ डिसेंबर २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

ओवाळणी पोचती केली. यकृत आकसलं, ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. पोटावर पाच बारीक भोकं, बस्स. दुसऱ्या दिवशी रुचितानं हाताला धरून व्हरांड्यात चालवलं आणि तिथेच अबोला सुटला. निघताना बाईंना वाकून नमस्कार केला, तर त्या गडबडल्या. त्या रोबोटलाही करणार होतो.

इथल्या मराठी मंडळाची बस दर संक्रांतीला पानिपतला, लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जाते. तीन वर्षं मी बसमध्येच बसून सगळ्यांच्या पिशव्या राखल्या. यंदा बाईंनी उतरायची परवानगी दिली आहे.

तुझा तो जुना नियम तूच मोडलास, त्याबद्दल ऋणी आहे, अक्का. ते फिटायचं नाही आणि फेडायचंही नाही.

सुधन्वा


मिरज,
१६ जानेवारी २०२६

चि. सुधन्वास,
अनेक आशीर्वाद.

परवा काला अंबहून तुझा फोन आला. फाटकापासून स्तंभापर्यंत चालत बोलत होतास. लढाईचं काहीतरी सांगितलंस, वीस किलो उतरल्याचं सांगितलंस, स्वानंदीनं तिळगूळ वाटल्याचंही. नंतर ह्यांनी विचारलं काय म्हणाला, तर मला धड सांगता येईना.

दोन वर्षं फोन टाळून तू पत्रं का लिहीत होतास, ते मला पहिल्याच पत्रात कळलं होतं. दोन वाक्यांत धाप लागायची, ती मला ऐकू यायला नको होती. मीही विचारलं नाही, कारण ऐकायची माझी छाती नव्हती. परवा मी तुझं बोलणं ऐकतच नव्हते, श्वास ऐकत होते. एकदाही अडला नाही. फोन ठेवून देवापुढे साखर ठेवली. त्या डॉक्टरीणबाईंचं नाव कळव, रोज घेईन म्हणते.

पुढच्या भाऊबीजेला ये. दोनच घास वाढीन. त्यातला एक ताटात टाकलास तरी चालेल.

लोभ आहेच, पत्रं पुरे. फोन करत जा.
तुझी अक्का