लाडबाईंचं नाव

पिंपळगाव रेणुकाई,
४ फेब्रुवारी १९५८

प्रिय आईस, उमाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी बरी आहे. खोकला आता दिवसा येत नाही. बाबांचा गुडघा कसा आहे?

इथल्या लाडबाई गावच्या रेडिओपुढे बायका जमवतात, केंद्राला प्रश्न पाठवतात. काल त्यांचं नाव घेऊन उत्तर आलं. परक्या पुरुषाच्या तोंडी नाव ऐकताच त्यांनी रेडिओसमोरच घुंघट ओढला! त्यांचे यजमान हुकमचंदशेठ दारातच उभे. आता ते बाईंना पुन्हा येऊ देत नाहीत, असंच मला वाटलं.

शेठ म्हणाले, "मंग पुढच्या बारीला तुरीच्या किडीचं इचारा. नाव तुमचंच द्या, बराबर घेतो तो."

आई, तुला कुणी नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. दादाकडून एक प्रश्न लिहवून धाड ना. ‘तारा’ या तुझ्याच नावानं केंद्राला पाठवते.

तुझी,
उमा