अकरावी जर्सी

काल्हेर, ता. भिवंडी
१४ सप्टेंबर २०२५

ति. विनिताताईस,
देवेशचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला असता तर आवाज चढला असता, म्हणून लिहितो. आमच्या फुटबॉल क्लबला पंचवीस वर्षं झाली, त्याची स्मरणिका माझ्याच हातात आहे. जुना कॅप्टन प्रितम याच्यावर तू पाठवलेला लेख काल वाचला. तीन पानं. त्याचा डावा पाय, त्याची चाल, हरल्यावरही समोरच्यांशी हात मिळवणं, सगळं आलंय. सख्खा भाऊ त्याच मैदानात बारा वर्षं गोलकीपर होता, त्याचं नाव एकदाच, तेही प्रितमने त्याला धीर दिला म्हणून.

शेलार गावच्या संघाविरुद्ध मी दोन पेनल्ट्या अडवल्या. तू बांधावर बसून पाहिल्यास, मग त्या गेल्या कुठे? खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट होतोय. आमचा क्लब जिल्ह्याच्या तिसऱ्या गटातून कधी वर सरकला नाही, तरी नाक्यावर प्रितमचे फ्लेक्स लागले. गावाने डोक्यावर घेतला ते सोसलं, पण घरचं माणूसही त्याच्याच बाजूला? पेनल्ट्या घाल, नाहीतर लेख छापणार नाही.

भावना आणि मुलं मजेत. तुझा लोभ आहेच, तो माझ्यावर प्रितमपेक्षा कणभर जास्त असावा, एवढंच मागणं.

तुझा देवेश


पेण
२१ सप्टेंबर २०२५

चि. देवेशला ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग राग आला. चाळिशी उलटली तरी तुझी कुरकुर सुटली नाही.

तुझ्या पेनल्ट्या मला नीट आठवतात, कारण त्या दिवशी बांधावर बसून मी तुझ्यावर जळत होते. लहानपणी भातकापणी झालेल्या शेतात मी तुला गोलावर गोल मारायचे. मला अकरावं लागलं आणि आईने खेळ बंद केला. तुला बूट आले, मला बांध.

आणि जर्सी आल्या. सामना संपला की तू संघाचं बोचकं आणून माझ्यापुढे टाकायचास. चिखलाच्या, घामाच्या त्या जर्सी लग्न होईपर्यंत सात वर्षं मी धुतल्या. बोचक्यात दहाच असायच्या, हे तुला कधी कळलं का? प्रितमने एकदा आईला विचारलं होतं की, जर्सी कोण धुतं. आईने माझं नाव सांगितलं, तेव्हापासून तो आपली घरी नेऊन स्वतः धुवायचा. हे लेखात घातलं असतं तर तुम्हा दहा जणांच्या माना खाली गेल्या असत्या, म्हणून त्याच्या डाव्या पायावर लिहिलं.

एक शब्द बदलणार नाही. छापायचा तर छाप. रागावले असले तरी माया आटलेली नाही, तब्येत सांभाळ.

तुझी ताई


काल्हेर
१४ ऑक्टोबर २०२५

ति. ताईस शि. सा. न. वि. वि.

रविवारी समारंभ झाला. लेख जसाच्या तसा छापला. पेनल्ट्या घालायला हात शिवशिवले, पण घातल्या नाहीत. फक्त तुझ्या नावाखाली दोन ओळी वाढवल्या: संघाच्या दहा जर्सी या ताईने सात वर्षं धुतल्या. अकरावी कॅप्टन स्वतः धुवायचा. लिहिताना त्याच्यावर पुन्हा जळलो.

पंगतीत आमच्या संघातल्या विशाल आणि दामूने ते वाचलं आणि वाढलेलं पान तसंच राहिलं. मग त्यांचं ठरलं की भाऊबीजेला गोडाऊनचा टेम्पो काढायचा आणि नऊच्या नऊ जणांनी तुझ्याकडून ओवाळून घ्यायला पेणला यायचं. कॅप्टनही येणार आहे. परवापासून जो तो मला आपल्या ताईची खुशाली विचारतो. आपली म्हणे.

ते माझ्याच्याने ऐकवत नाही. मी टेम्पोत न बसता सकाळच्या एसटीने पुढे येतोय. लोभाची रांग वाढली आहे, त्यात मला पहिला उभा कर आणि प्रितमला शेवटी. आणि सख्खा भाऊ मी आहे, हे त्या सगळ्यांसमोर एकदा मोठ्याने सांग. माझी मलाच खात्री वाटेनाशी झाली आहे.

तुझा देवेश