सोनबा दारू प्यायला नव्हता

मी, गोमाजी रायबा उतेकर, वय वर्षे ६३, निवृत्त टर्नर व मशीन सेटर, राहणार महाड, मूळ गाव खडकवाडी, तालुका पोलादपूर, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली न येता माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी तपासून दिला आहे. रोज सकाळी सातला माझ्याकडे कोण येतो ते मी त्यांना सांगितले नाही, नाहीतर दाखल्याला अडचण आली असती. मसुदा वकिलांचा आहे. मधली बडबड माझी आहे व ती काढू नये.

१. पोस्टातली बचत मुलगी सुरेखा हिला मिळावी. तिने आईचे शेवटचे दुखणे काढले. जितेशने फोनवरून चौकशी केली.

२. खडकवाडीची वरकस जमीन व बांधावरचा फणस भाऊ कुशाबा याला. या फणसापायी आम्ही एकोणीस वर्षे एकमेकांशी बोललो नाही. तो फणस कापा नसून बरका आहे, एवढे त्याने आता तरी कबूल करावे.

३. मायक्रोमीटर, व्हर्निअर आणि मी हाताने धार लावलेली टूल्स मुलगा जितेश याला. तो चाकणला नव्या मशीनवर आहे. मला म्हणतो, "बाबा, आता मशीनच जॉब मोजते आणि चुकलं तर स्वतःच दुरुस्त करते. तुमचा मायक्रोमीटर शोकेसमध्ये ठेवू." खुशाल ठेव. टूल बोथट झाले की मला नुसत्या आवाजावरून कळत असे, हे मात्र तुझ्या पोरांना सांग. स्वतःची चूक दुरुस्त करणाऱ्या त्या मशीनचा मला हेवा वाटला.

४. कंपनीने दिलेली 'उत्कृष्ट कामगार' ही पितळी पाटी कंपनीला परत करावी. कारण पुढच्या कलमात आहे.

५. आमच्या कारखान्यात १९९८ साली पहिली सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी, लेथ आली. सळई आपोआप पुढे सरकायची, जॉब, म्हणजे घडवलेला भाग, कापला जाऊन खाली पडायचा आणि लगेच दुसरा सुरू व्हायचा. तिच्या दाराला एक चपटी पट्टी होती. दार लागले की पट्टी स्विचच्या फटीत शिरायची. दार उघडले की ती बाहेर यायची आणि मशीन जागच्या जागी थांबायची. माझ्याच वाडीतल्या सोनबा सकपाळला मी तिथे कामाला लावले होते. तो जुन्या लेथला घाबरायचा. त्याला मी म्हणालो, "हिला भिऊ नको. दार उघडलंस की थांबतेच."

१९९९ च्या खंडेनवमीला पूजा झाली. नारळ फुटल्यावर मशीन देवासमोर एकदा फिरवायची, ही आमची जुनी रीत. या मशीनचे दार लावले तर कोणाला काही दिसेना आणि उघडे ठेवले तर ती फिरेना. मालकांचे तोंड उतरले. मी जादाची पट्टी आणून स्विचमध्ये खोचली आणि उघड्या दाराने मशीन फिरवून दाखवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पट्टी काढायला मी विसरलो.

दसऱ्याची सुट्टी संपली. सकाळच्या पाळीला सोनबाने आत अडकलेला लोखंडाचा कीस काढायला दार उघडले. दोन जॉबच्या मधली वेळ होती, मशीन क्षणभर गप्प होती. मी दहा पावलांवर माप घेत होतो. त्याने विचारले, "थांबली काय रे, गोमाजी?" मी मान वर न करता म्हणालो, "थांबली." त्याने हात घातला. पहिल्यांदा बाही गेली.

लोक त्याला सोडवत होते तेव्हा मी ती पट्टी काढून खिशात घातली. तपासणीचे साहेब आले. दार उघडताच मशीन थांबली, त्यामुळे चूक माणसाची ठरली. कोणीतरी म्हणाले, "दसऱ्याची उतरली नसेल." मी खाली बघितले. त्याच्या मृत्यूच्या कागदावर तेच गेले. सोनबा जन्मात दारूच्या थेंबाला शिवला नव्हता. आज वाडीतला कोणी पिऊन कामाला निघाला की म्हातारी माणसे त्याला म्हणतात, "सोनबा होशील." माझ्यासमोर म्हणतात. मी मान डोलावली आहे.

६. निवृत्त झाल्यापासून सोनबा येतो. पहिल्या पाळीच्या वेळेला, सातच्या ठोक्याला. आधी मशीनच्या कूलंटचा, त्या आंबूस तेलपाण्याचा, वास येतो, मग तो. उजवी बाही नसते. एकच विचारतो, "थांबली काय रे?" मी सव गावच्या गरम कुंडावर गुडघे शेकायला गेलो, तर कडेला उकिडवा बसून विचारत होता. वीर स्टेशनला जाताना रिक्षात शेजारी होता. शिवी देत नाही. दिली असती तर मला सोसली असती. तो आला की मला भीती वाटते, आणि यायला उशीर झाला तर जास्त वाटते. माझी बायको बयाबाई हिला मी उंदीर मेल्याचा वास आहे असे सांगत आलो. ती तेच खरे धरून गेली.

७. ~~महाडचे दोन खोल्यांचे घर सोनबाची विधवा ठकूबाई हिला द्यावे.~~

वरची ओळ मी स्वतः खोडली आहे. तिचा खुलासा असा. वकील म्हणाले, "पाकीट बंद करून ठेवा, तुमच्या पश्चात उघडेल." मला हायसे वाटले, आणि हायसे वाटल्याचीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी खडकवाडीला जाऊन ठकूबाईला सगळे वाचून दाखवले. ती शेणी थापत होती. वाचून होईपर्यंत तिने हात थांबवले नाहीत. मग म्हणाली, "घर नको मला. तुझ्या पोराला दे, त्याचं काय चुकलं? शिमग्याला समदे मुंबयवाले येतात. तवा सहाणेवर उभा ऱ्हा आणि हे वाच. जित्तेपणी वाच."

सबब घर जितेशला मिळावे.

८. आज शिमग्याची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, बसल्यावर मी कलम पाच सर्वांसमोर मोठ्याने वाचले. त्याची एक प्रत कंपनीला व एक तपासणी खात्याला उद्याच्या टपालाने जाईल. पुढे जे होईल ते मला मान्य आहे. वाचून झाल्यावर माझा भाऊ कुशाबा उठून घरी गेला. फणस तरीही त्याचाच.  कायद्याने दोन साक्षीदार लागतात, म्हणून सही कोण करील असे मी विचारले. शाळेचे गुरुजी पुढे आले. दुसरे बराच वेळ कोणी येईना. मग बायकांतून ठकूबाई उठली.

स्थळ: खडकवाडी, तालुका पोलादपूर
दिनांक: २३ मार्च २००८

लिहून ठेवणार: गोमाजी रायबा उतेकर (सही)

आमच्या देखत सही झाली:

१. सुनील चांगू पार्टे, शिक्षक (सही)

२. ठकूबाई सोनबा सकपाळ (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार क्रमांक दोन यांनी सांगितल्यावरून साक्षीदार क्रमांक एक यांनी जसेच्या तसे लिहिले: "समदं ऐकलं म्हून अंगठा देतेय. माफ केलं असं त्यात कुठं लिवू नका."