जोडीनं केलेली प्रदक्षिणा

लोणार, कार्तिक वद्य चतुर्थी

आई, फार वर्षांत तुला लिहिलं नाही. रोजनिशीत तू अधूनमधून येतेस, पण तिथं मी तुझ्याबद्दल लिहिते, तुझ्याशी बोलत नाही. एवढ्या अबोल्याची क्षमा कर. आज बोलायला कारण घडलं आहे.

दिवाळीच्या सुटीत बाबांना घेऊन खामगावहून इकडे आले. आज सकाळी काठावरच्या अखंड वाहत्या धारेवर हातपाय धुऊन तळ्याच्या विवरात उतरले आणि एकटीनं प्रदक्षिणा केली. बाबांना आता उतरवत नाही. ते वर पायऱ्यांवर पंचा डोक्यावर घेऊन बसून राहिले. वाट तशीच आहे. आधी साग आणि सीताफळीची दाटी, वानरांचा गोंधळ, मग बाभळी विरळ होत जातात आणि एकदम तो कुजट वास नाकात शिरतो. हिरवं, जड पाणी. काठच्या काळ्या चिखलावर खाराचा पांढरा पापुद्रा. पाण्याकडे उजवा हात ठेवून चालायचं आणि घेतलेली प्रदक्षिणा अर्धी टाकायची नाही, हे तूच शिकवलंस.

तेव्हा माझं दहावं वर्ष सरलं होतं. डोणगावची मंडळी दिवाळीनंतर मला पाहायला येणार, हे आजीनं ठरवून टाकलेलं. बाबा तहशिलीत कारकून. साहेबापुढं बोलत, आजीपुढं नाही. एक दिवस पानं वाढता वाढता तू म्हणालीस, "धाकट्याच्या तापात मी देवीले नवस बोलली होती. जोडीनं तळ्याची प्रदक्षिणा करीन, पोरीले संग घेऊन."

"नवस असा थकवतात काय वं?" आजी कडाडली. "उद्याच जा."

दुसऱ्या दिवशी आपण तिघं उतरलो. तू ओटीचं सामान घेऊन मागे, बाबा पुढे, मी मध्ये. देवीच्या देवळापर्यंत तू अक्षर बोलली नाहीस. तिथं सासू-सुनेची विहीर आहे, एका अंगाला गोड पाणी, दुसऱ्या अंगाला खारट. बाबा खुशीत होते. म्हणाले, "यातलं खारं सासूचं की सुनेचं?"

"आत्याबाईले विचारा घरी गेल्यावर," तू आजीवर ढकललंस. बाबा हसले. ते हसत असतानाच देऊळ मागे टाकून तू त्यांच्या पुढे झालीस. तू बाबांच्या पुढे चाललेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

आणि पाठमोरीच बोललीस. "पोरीले अमरावतीले ठेवायचं माझ्या मनात आहे. तिथं मुलींचं हायस्कूल आहे. माझी बहीण ठेवून घेते म्हणते."

बाबा थबकले. "हे घरी काऊन नाही बोललीस?"

"घरी कुठं बोलू? चुलीपाशी आत्याबाई, ओसरीवर आत्याबाई."

"चार यत्ता झाल्या तिच्या. कार्ड वाचता येते. बस झालं."

मग तू ते कार्डाचं सांगितलंस. मी तेव्हा पाळण्यात होते. बाबा दौऱ्यावर होते आणि तुझ्या माहेरून कोपरा फाडलेलं कार्ड आलं. कोणीतरी गेलं एवढं कळलं. आजी म्हणाली, घरचं कार्ड परक्याच्या हाती द्यायचं नाही, तो आला की वाचेल. "तुम्ही येईस्तोवर मी एकेकाले मारत होती," तू म्हणालीस. "सकाळी बाप मारला, दुपारी माय मारली. भाऊ गेला असंन हे मनात आलंच नाही. हिले कार्ड वाचता येते, खरं आहे. पण कार्ड आल्यावर उठून गाडीत बसता आलं पाहिजे. तेवढं चार यत्तांत येत नाही."

बाबांचा जोडा चिखलात रुतला. तो उपसून ते चिडून म्हणाले, "मी चाललो माघारी."

"जा ना. निम्मी झाली. इकडून गेले तरी तेवढंच, तिकडून गेले तरी तेवढंच. पण अर्धी टाकल्याचं देवीले तुम्हीच सांगा."

बाबा एका पडक्या देवळाच्या जोत्यावर बसले. बोटांनी जोड्याचा चिखल काढत राहिले. तू उभी. पदर वाऱ्यावर, आणि चेहऱ्यावर विनवणी अजिबात नाही. पुढं कॉलेजात मी पुष्कळ व्याख्यानं ऐकली, पण इतकं बोलून अशी गप्प राहिलेली बाई मी पाहिली नाही. वरच्या चढणीला लागताना बाबा म्हणाले, "बरं. पाठवू." घरी आजीला त्यांनी सांगितलं, "देवीच्या प्रदक्षिणेत शब्द दिला. आता मोडता येत नाही." आजीनं कपाळावर हात मारून घेतला, पण डोणगावला नकाराचा निरोप गेला.

तू बाबांना रिंगणात गाठलंस, ही गोष्ट मनात घेऊन मी मोठी झाले. माझ्या आयुष्यात तुझ्या या हुशारीएवढं मला दुसऱ्या कशाचंही कौतुक वाटलेलं नाही.

परवा इथं यायला निघताना बाबा सहज म्हणाले, "नवस-बिवस काही नव्हता बरं का."

मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"देवळात ती देवीकडे पाहतच नव्हती. माझ्याकडे पाहत होती, मी कितपत खुशीत आहे ते." आणि हसले. "मलेही आईपुढं सांगायले काहीतरी पाहिजेच होतं ना, बाई. तिनं आणून दिलं."

आई, ते तुला कधीच बोलले नाहीत. आणि तू त्या दिवसानंतर पुन्हा तळ्यात उतरली नाहीस. नवरात्रात साऱ्या बाया खाली जात, तू धारेपाशी थांबून शेजारणीच्या हाती ओटी पाठवायचीस. गुडघे धरतात, म्हणायचीस. पण धारेच्या पाण्याच्या घागरी तुझ्याच डोक्यावर असत, शेवटच्या आजारापर्यंत. देवीच्या नावानं खोटं बोललीस म्हणून तिला तोंड दाखवत नव्हतीस, असा माझा तर्क. तर्कच आहे, तू असताना मला विचारायचं सुचलं नाही. ज्यांच्याशी खोटं बोललीस ते सारं जाणून तुझ्याबरोबर चालत होते, हे तुला कळलं असतं तर एखाद्या नवरात्रात तरी उतरली असतीस का?

आज तुझ्या नावानं देवीची ओटी भरली. तुझ्या वतीनं काही बोलावं म्हणून उभी राहिले. पुजाऱ्यानं विचारलं, "नवस फेडायले आल्या का, बाई?" मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, माझं मलाच सांगता येणार नाही.

एक कबूल करते. बाबांचं बोलणं ऐकून मला आधी आनंद झाला नाही, राग आला. माझं शिक्षण ही एकट्या तुझी कमाई असावी असं मला वाटत होतं. त्यात त्यांचा वाटा निघाला, तो मोजायला मी तयार नव्हते. दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाही. ते मात्र रोज सकाळी धारेवर जाऊन खाली पाहत बसतात. आज मी वर आले तेव्हा म्हणाले, "बिचारीचे गुडघे लवकर गेले, नाहीतर पुन्हा एकदा जोडीनं जाऊन आलो असतो."

मी त्यांना हात देऊन उठवलं.

उद्या: बाबांना तुझ्या गुडघ्यांचं खरं सांगायचं.