पडद्याखालच्या ओळी

३ जून
नवी नोकरी, नवं गाव, आणि घर मिळेपर्यंत कंपनीच्या खर्चाने हॉटेलात मुक्काम. आपली तर चंगळ आहे. दिवसभर लोकांच्या लिफ्ट तपासायच्या, संध्याकाळी पाय पसरून टीव्ही बघायचा. हॉटेलच्या टीव्हीवर नुसत्या बातम्या, म्हणून ताईची काडी आणलीय. अंगठ्याएवढी वस्तू, टीव्हीच्या पाठीत खुपसली की आपले कार्यक्रम हजर. ताई कुठेही गेली तरी ती पर्समध्ये असायची. गेल्या वर्षी अशाच एका हॉटेलच्या बाथरूममध्ये पाय घसरून ताई गेली, तेव्हा भावोजींनी ती मला दिली. तेवढीच आठवण, म्हणाले.

४ जून
हॉटेलच्या वायफायला खोली नंबर टाकायचं पान उघडतं, ते काडीला काही जमेना. शेवटी फोनवरून नेट दिलं. कोण बघतंय, असं पडद्यावर विचारलं. दोनच नावं, भावोजी आणि ताई. मी ताईवर दाबलं. तिला डाव्या कानाने ऐकू येत नसे, म्हणून संवादांच्या ओळी कायम चालू आणि आवाज अगदी हळू. मोठा झाला की तिचं डोकं उठायचं. ओळी अजून तशाच चालू होत्या. बघून रडू आलं.

७ जून
मालिकेत सगळे गप्प, तरी खाली ओळ आली: ‘लिफ्ट थांबते.’ मग बाहेर लिफ्ट थांबली. ‘चावी पडते.’ मग शेजारच्या दारात चावी पडली. रिसेप्शनवरच्या बाई म्हणाल्या, काढून परत लावा. सगळ्या रोगांवर एकच औषध.

८ जून
काढून लावली. पडदा काळा, ओळी चालूच.
‘पुरुष: मला सोडून जाणार तू?’
‘डोकं आपटतं.’
‘दाराला बाहेरून कडी लागते.’
‘बाई हाका मारते.’
‘टीव्हीचा आवाज वाढतो.’
भावोजींनी तेव्हा सांगितलं होतं, टीव्ही मोठ्याने चालू होता, हाक ऐकूच आली नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही. ताईच्या खोलीत टीव्ही मोठ्याने? खोटारडा मेला.

९ जून
भावोजींना फोन केला. म्हटलं, ताईच्या काडीवर त्या दिवसाचं काहीतरी राहिलंय. वर्षभरात माझी चौकशी करायला सवड झाली नाही, पण उद्या दुपारी येतायत. चोराच्या मनात चांदणं. भीती वाटतेय, पण संताप जास्त आहे. त्यांना सोडायचं नाही.

१० जून, दुपार
आधी ओळ, मग टकटक. आले. घामाघूम. काडी मागितली — आधी तोंड धुतो म्हणाले, बाथरूममध्ये गेलेत.

‘कडी लागते.’
मी पलंगावरच आहे. बाथरूमची बाहेरची कडी आपोआप —

हाका मारतायत. उघड म्हणतायत. मारू देत.

‘टीव्हीचा आवाज वाढतो.’ रिमोट तर लांब पडलाय — कान फुटतील —

त्यांचं ओरडणं आता फक्त वाचता येतंय.
‘पुरुष: चुकलो मी.’
‘पुरुष: आत कोण आहे?’
‘पाण्याचा आवाज.’
‘बाई हसते.’

बरं झालं. ताई, बरं झालं —

‘कडी निघते.’
निघाली.
‘बाई: मान तूही डोलावलीस.’
ताई, मला कुठे माहीत —
‘पेन खाली पडतं.’
नाही. मी पेन घट्ट ध