आमचा कूलर बेस चालून राह्यला

अनसिंग, शुक्रवार

इहीणबाई प्रयागबाई यायले सोजरबाईचा रामराम. आमी सारे जित्ते आहो, मानोऱ्यात तुमीही तसेच असाल असं धरून चालते. तुमचे गुडघे कसे आहे? मागच्या खेपेले तुमी म्हणत होत्या, उठताना कटकट वाजते. माहेही वाजते, पण मी कोणाले ऐकू देत नाही. तुमची साधना मजेत आहे, दोन टाइम जेवते अन् तिसऱ्या टाइमले माह्याशी भांडते, म्हणजे तब्येत बेस आहे. फोन काहून नाही केला म्हणाल, तर फोनवर माहा आवाज बसस्टँडपर्यंत जाते असं तुमचे जवाईच म्हणते. म्हणून कागद. चौथीपर्यंत शिकली मी, त्यातलंही एक वर्ष गुरायमागं गेलं, तवा काना-मात्रा तुमीच लावून घ्या.

तर गोष्ट कूलरची. आमचा तो पत्र्याचा मोठा कूलर तुमाले माहीत आहे, माहा जगदेव सातवीत असताना वांग्याच्या पैशातनं घेतलेला (लग्नात तुमी ज्याच्यासमोरून जेवायलेही उठल्या नव्हत्या, तोच). औंदा ऐन चैत्रात त्यानं घरघर लावली अन् बसला. संध्याकाळी खुडलेल्या सांबाराच्या जुड्या (तुमची पुण्याची सून त्याले कोथिंबीर म्हणते) आमी त्याच्याच हवेत ठेवतो, नाहीतर सकाळी बाजारात न्यायले पाला उरते. जगदेव म्हणे, माय, भंगारात दे, नवा आणू. साधनाही त्याच्याच बाजूची. म्या अंगणात उभं राहून सांगतलं, की मी जित्ती असेपर्यंत या घरात कोणी दुसरा कूलर इकत आणायचा नाही. हे शेजारच्या रुपाबाईनं ऐकलं. रुपाबाईनं ऐकलं म्हणजे अर्ध्या गावानं ऐकलं. आता शब्द मागं घेतला तर माहं नाक राह्यते का, तुमीच सांगा.

मोटार बांधणारा मोहनसिंग आला. मोटार उघडून असा बसला जसा मयतीले आला. म्हणे, "आजी, बुश गेला." बुश म्हणजे पंख्याचा दांडा ज्याच्यात फिरते ते पितळेचं बोंडूक. त्या मापाचा आता बनतच नाही, म्हणे, बनवणारी कंपनीच बंद पडली. म्या म्हटलं, "कंपनी मेली असन, कूलर तर जित्ता आहे ना?" मंग तो म्हणे, चांगलं जाड पितळ दिलं तर वाशीमचा लेथवाला किशन कोरून देईन.

इहीणबाई, इथं जरा थांबून पाणी प्या. घरात जाड पितळ एकच होतं. तुमी साधनाच्या रुखवतात दिलेल्या खलबत्त्याचा बत्ता. (खल शाबूत आहे, त्यात आता मीठ ठेवतो. लसूण पाट्यावर वाटतो. साधनाले वाटते बत्ता मांजरानं नेला. मी नाही म्हटलं नाही.)

बुश असा बसला की किशनची दृष्ट काढावं वाटे. पण मोहनसिंगनं मोटारीच्या तारा उलट्या जोडल्या अन् पंखा उलटा फिरू लागला. घरातली सारी हवा ओढून थंड करून अंगणात फेके. आमी आत घामानं थबथबलो अन् बाहेर बांधलेली म्हैस डोये मिटून, पाय पसरून, सावकारीण लेटल्यावाणी. जगदेव म्हणे, माय, तुया कूलर म्हशीले तरी मानवला. मी त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

तारा सुलट झाल्या. आता हवा घरातच येते. पण पंखा फिरला की अख्खा कूलर थरथरत चालते. परवा मी ताक घुसळत होती, पाह्यलं तर हा चुलीपाशी. म्हणून खिडकीच्या गजाले दोरानं बांधला. पाण्याचा पंपही जुना, तोही मिळत नाही, तवा दर पंधरा मिनिटाले मीच तांब्यानं कूलरच्या गवतावर पाणी मारते. दिवसभर तेच काम. बाकी कूलरमधे काही म्हणता काही दोष नाही. आजकालच्या प्लास्टिकच्या डब्यायले याची सर येणार नाही, हे रुपाबाईलेही सांगून ठेवलं आहे.

सगळ्यायले ज्याचा त्याचा रामराम सांगजा.

तुमची इहीण,
सोजरबाई

ता. क. : पुढच्या महिन्यात अधिक लागते. तुमी जवायाले बोलवालच. तेहतीस अनारसे द्याल, ते जगदेव दोन दिवसात संपवते अन् तिसऱ्या दिवशी पोट धरून बसते. अधिकात जवायाले जाळीदार वस्तू द्याव, असं गुरुजी सांगते. तर जाळी काही अनारशालेच असते असं नाही. कूलरले तीन बाजूनं असते. मी मागून नाही राह्यली, फक्त जाळ्या मोजून राह्यली. जवायाले सासरून आलेली वस्तू, त्यात मी म्हातारी काय बोलणार?

आणखी ता. क. : आणलाच तर मोठा आणा, सांबाराच्या जुड्याही मावल्या पायजे. अन् दिवसाढवळ्या आणा, रुपाबाई ओट्यावर असताना. मी दारातच तुमाले बोलीन, कायले आणला, आमचा काय मेला होता का, म्हणीन. चांगली दहा मिनिटं बोलीन. तुमी मनाले लावून घेऊ नका, अन् रागाच्या भरात वापस तर मुळीच नेऊ नका.